डिस्कची प्रतिमा : निरीक्षण, दुरुस्ती आणि संक्षेप

शिळाछापाच्या काळीं मजकूर एकदां दगडावर उतरविला म्हणजे त्यावरून शेंकडों प्रती निघत असत. दगडावरील अक्षर सुबक असलें तर प्रत्येक प्रत सुबक निघे. पण दगडावर एखादी मात्रा चुकली असली तर ती चूकही तितक्याच निष्ठेनें प्रत्येक प्रतींत उमटे. म्हणून छपाईस आरंभ करण्यापूर्वी दगड बारकाईनें तपासणें, चुकलेलें अक्षर खरवडून पुन्हां लिहिणें आणि मगच शाई फिरविणें हा कारागिराचा धर्म मानला जाई. आज जेथें पुष्कळ संगणक एकाच तऱ्हेनें सज्ज करावयाचे असतात, तेथें हेंच काम निराळ्या रूपानें करावें लागतें. दगडाची जागा तेथें डिस्कची प्रतिमा घेते. प्रचारांत तिला ‘इमेज’ म्हणतात. ही प्रतिमा कशी पाहावी, तींत दुरुस्ती कशी करावी आणि तिचा आकार आटोपशीर कसा ठेवावा, हें समजून घेणें संगणकाचा व्यवहार ज्यांच्या अंगावर पडतो त्या शिक्षकांस व कारकुनांस आतां आवश्यक झालें आहे.

समजा, एखाद्या माध्यमिक विद्यालयाच्या संगणककक्षांत ४० संगणक आहेत. प्रत्येकावर विंडोज ही कार्यप्रणाली बसवावयाची, मराठी टंकलेखनाची सोय करावयाची, प्रिंटर चालविणारा ड्रायव्हर घालावयाचा, लेखनाचे व हिशेबाचे प्रोग्रॅम चढवावयाचे आणि शेवटीं सुरक्षिततेसाठीं निघालेले अपडेट बसवावयाचे. या सर्वाला एका संगणकामागें अडीच तास धरले तर ४० संगणकांस १०० तास लागतात. रोज पांच तास काम करणाऱ्या माणसाचे २० दिवस त्यांतच खर्ची पडतात. शिवाय मनुष्याच्या हातून चाळीस वेळां केलेलें काम चाळीसही वेळां सारखें उतरत नाहीं. कोठें टंकलेखनाची सोय राहून जाते, कोठें ड्रायव्हर जुना पडतो. आणि तास सुरू झाल्यावर तिसऱ्या बांकावरील संगणक असा कां वागतो व पांचव्या बांकावरील तसा कां वागतो, याचा उलगडा शिक्षकास होत नाहीं.

यावरचा उपाय सरळ आहे. एकच संगणक आदर्श म्हणून निवडावा, तो मनासारखा सज्ज करावा, त्याच्या डिस्कवरील सर्व कांहीं एका मोठ्या फायलींत उतरवून घ्यावें आणि त्या फायलीवरून बाकीचे संगणक भरावे. ही मोठी फाईल म्हणजेच प्रतिमा. ती उतरविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतींत डिस्कवरील लहान लहान कप्पे, ज्यांना सेक्टर म्हणतात, ते एकामागून एक जसेच्या तसे उचलले जातात. कप्प्यांत काय आहे याची चौकशी होत नाहीं. दुसऱ्या रीतींत प्रत्येक फाईल तिचें नांव, तिचें स्थान, तिची तारीख व तिच्यावरील अधिकार यांसह स्वतंत्रपणें नोंदविली जाते. पहिली रीत म्हणजे घरांतील ट्रंक कुलूप न उघडतां उचलून नेणें. दुसरी म्हणजे ट्रंकेंतील प्रत्येक वस्तु यादींत लिहून नव्या ट्रंकेंत भरणें. दुसऱ्या रीतींत नवी ट्रंक निराळ्या मापाची असली तरी चालते, आणि मधलीच एखादी वस्तु काढावयाची झाली तर सांपडते.

डिस्कची आख्खी नक्कल करणाऱ्या साधनांत ‘घोस्ट’ हें नांव विशेष गाजलें. न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या संस्थेनें तें तयार केलें व १९९८ सालीं सिमॅन्टेक या अमेरिकन कंपनीनें तें विकत घेतलें. पुढें २००७ सालीं मायक्रोसॉफ्टची विंडोज व्हिस्टा बाजारांत आली, तेव्हां तिच्याबरोबर फाईलनिहाय प्रतिमेचा एक नवा प्रकार रूढ झाला. त्याचें नांव ‘विम’. या प्रतिमा हाताळण्यासाठीं आरंभीं ‘इमेजएक्स’ नांवाचें साधन होतें. २००९ सालच्या विंडोज ७ बरोबर ‘डिस्म’ हें साधन आलें, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ पासून प्रतिमा उतरविण्याचें व भरण्याचें कामही त्याच्याकडे सोंपविण्यांत आलें. डिस्म हें विंडोजच्या अंगचेंच असल्यामुळें त्यास वेगळा खर्च नाहीं. तें चित्रांनीं नव्हे, लिखित आज्ञांनीं चालतें, आणि आज्ञा देणाऱ्याजवळ त्या संगणकाचा व्यवस्थापक म्हणून अधिकार असावा लागतो.

विम फायलीची घडण ध्यानांत आली म्हणजे पुढील सर्व क्रिया सुलभ होतात. तिच्यांत मुख्यतः तीन गोष्टी असतात. एक, फायलींचा प्रत्यक्ष मजकूर. दुसरी, कोणती फाईल कोणत्या फोल्डरांत कोणत्या नांवानें राहते हें सांगणारा वृक्षासारखा आराखडा. तिसरी, या दोहोंची सांगड घालणारी सूची. मजकूर सांठवितांना प्रत्येक फायलीवरून गणितानें एक खूण काढली जाते. ती १६० बिटांची असते व जिला शा-१ म्हणतात त्या पद्धतीनें ती काढतात. दोन फायलींच्या खुणा एकच आल्या तर त्यांचा मजकूर एकच आहे असें धरून तो एकदांच सांठविला जातो. आराखड्यांत मात्र दोन्ही फायली आपापल्या जागीं दिसतात. ग्रंथालयांत एक ग्रंथ इतिहासाच्याही यादींत असावा आणि चरित्राच्याही यादींत असावा, पण कपाटांत त्याची प्रत एकच असावी, तसाच हा प्रकार आहे. याच कारणानें एका विम फायलींत अनेक प्रतिमा राहूं शकतात. शिक्षकांच्या संगणकाची एक व विद्यार्थ्यांच्या संगणकाची दुसरी अशा दोन प्रतिमा एका फायलींत ठेवल्या, तर दोहोंना समान असलेला भाग दुप्पट होत नाहीं. प्रत्येक प्रतिमेस अनुक्रमांक असतो आणि पुढील प्रत्येक आज्ञेंत तो सांगावा लागतो.

प्रतिमा उतरविण्यापूर्वी आदर्श संगणकाची एक विशेष तयारी करावी लागते. प्रत्येक संगणकावर त्याचें स्वतःचें नांव, त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक आणि त्याच्या यंत्रसामग्रीची माहिती नोंदलेली असते. ही वैयक्तिक नोंद तशीच राहिली तर चाळीसही संगणक जाळ्यावर एकाच नांवानें हजेरी देऊं लागतील. म्हणून विंडोजमधील ‘सिसप्रेप’ या साधनानें ती नोंद काढून टाकतात. त्यानंतर संगणक बंद करून तो पेन ड्राइव्हवरील एका छोट्या विंडोजवर, म्हणजे ‘विंडोज पीई’ वर, सुरू करतात आणि मगच प्रतिमा उतरवितात. चालू असलेली विंडोज आपल्या कित्येक फायली हातांत घट्ट धरून बसलेली असते; ती निजलेली असतांनाच तिचें चित्र स्वच्छ निघतें.

आतां निरीक्षणाकडे वळावें. प्रतिमा पाहण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ‘गेट-इमेजइन्फो’ ही आज्ञा दिली असतां फायलींत किती प्रतिमा आहेत, त्यांचे अनुक्रमांक, नांवें, वर्णनें व आकार कोणते, एवढें कळतें. हें पुस्तकाचें मुखपृष्ठ वाचण्यासारखें आहे. दुसऱ्या पायरीवर ‘लिस्ट-इमेज’ या आज्ञेनें एका प्रतिमेंतील सर्व फायलींची व फोल्डरांची यादी मिळते. ही अनुक्रमणिका झाली. तिसऱ्या पायरीवर प्रतिमा एखाद्या रिकाम्या फोल्डरावर ‘माउंट’ करतात, म्हणजे आरूढ करतात. असें केल्यावर त्या फोल्डरांत प्रतिमेंतील सर्व कांहीं नेहमींच्या फायलींप्रमाणें दिसूं लागतें. उघडून वाचावें, तारीख पाहावी, हवी ती एकच फाईल बाहेर नकलून घ्यावी. नुसतें पाहावयाचें असेल तेव्हां केवळ वाचनापुरतें माउंट करण्याची सोय आहे. ती घेतली म्हणजे चुकून हात लागला तरी प्रतिमा बदलत नाहीं. ज्यांना आज्ञा लिहिण्याचा सराव नाहीं त्यांना ‘सेव्हन-झिप’ या विनामूल्य प्रोग्रॅमनेंही विम फाईल उघडून पाहतां येते. आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठीं ‘विमलिब’ हें साधन आहे.

निरीक्षण हें दुरुस्तीच्या आधीं कां करावें, हें सांगण्याची फारशी गरज नाहीं. तथापि व्यवहारांत तेंच टाळलें जातें. आदर्श संगणक ज्यानें तयार केला त्याला सर्व ठीक असल्याची खात्री असते, आणि खात्री असलेला मनुष्य तपासणी करीत नाहीं. वापरकर्त्यांचे फोल्डर, उतरवून घेतलेल्या फायलींचे फोल्डर, डेस्कटॉप आणि कचरापेटी एवढ्या चार जागा तरी प्रतिमा माउंट करून डोळ्यांखालून घालाव्या. नको असलेली वस्तु बहुधा तेथेंच राहिलेली असते.

दुरुस्तीसाठीं प्रतिमा लेखनाच्या अधिकारासह माउंट करावी लागते. त्यानंतर फोल्डरांत फाईल ठेवली कीं ती प्रतिमेंत जाण्यास पात्र होते. पुसली कीं निघण्यास पात्र होते. शाळेची सूचनापत्रिका सर्व संगणकांवर असावी असें वाटलें तर ती योग्य फोल्डरांत ठेवावी, एवढेंच काम. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा मायक्रोसॉफ्टनें काढलेला अपडेट मात्र नुसता नकलून चालत नाहीं. त्यांसाठीं डिस्मच्या ‘ॲड-ड्रायव्हर’ व ‘ॲड-पॅकेज’ या स्वतंत्र आज्ञा आहेत, आणि त्या निजलेल्या विंडोजच्या अंतर्गत नोंदींतही योग्य तो फेरफार करतात. येथें एक मर्यादा ओळखून असावें. जो प्रोग्रॅम आपला स्वतःचा सेटअप चालवून बसतो, त्याला विंडोज जागी असावी लागते. माउंट केलेली विंडोज निजलेली असते. सबब असा प्रोग्रॅम तिच्यांत बसवितां येत नाहीं. त्यासाठीं आदर्श संगणकावरच तो बसवून प्रतिमा नव्यानें उतरविणें हाच मार्ग.

दुरुस्ती संपली म्हणजे प्रतिमा ‘अनमाउंट’ करावयाची असते, आणि त्या वेळीं डिस्म एक स्पष्ट उत्तर मागतें : केलेले बदल कायम करावयाचे कीं टाकून द्यावयाचे? कायम करण्याचा शब्द ‘कमिट’ आणि टाकून देण्याचा ‘डिस्कार्ड’. हें उत्तर मिळेपर्यंत मूळ विम फायलींत बदल उतरलेले नसतात. हा विलंब म्हणजे मोठीच कृपा समजावी, कारण चूक ध्यानांत आली तर ‘डिस्कार्ड’ म्हणून परत पूर्वस्थितीस येतां येतें. मात्र कोणी अनमाउंट न करतांच संगणक बंद केला, वीज गेली, अथवा माउंट केलेला फोल्डर हातानेंच पुसण्याचा प्रयत्न झाला, तर प्रतिमा अर्धवट अडकून राहते. अशा वेळीं ‘रिमाउंट-इमेज’ या आज्ञेनें तिचा धागा पुन्हां जोडून पाहावा. तें न साधलें तर ‘क्लीनअप-माउंटपॉइंट्स’ या आज्ञेनें मोडका सांगाडा काढून टाकावा. तोपर्यंतची दुरुस्ती मग गेली असें समजावें. यासाठींच मूळ विम फाईल निराळी ठेवून तिच्या नकलेवर काम करण्याचा नियम सुज्ञ लोक पाळतात.

तिसरा भाग संक्षेपाचा. कार्यप्रणाली, प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर मिळून प्रतिमेचा आकार सहज फुगतो, व ती जाळ्यावरून किंवा पेन ड्राइव्हवरून चाळीस ठिकाणीं न्यावयाची असते. संक्षेपाचें तत्त्व मात्र शाळेच्या हजेरीपटाइतकें परिचित आहे. एकाच गांवचे दहा विद्यार्थी ओळीनें आले तर कारकून गांवाचें नांव एकदां लिहितो आणि खालीं नऊ वेळां ‘सदर’ अशी खूण करतो. वाचणाऱ्यास कांहीं कमी कळत नाहीं, शाई व जागा मात्र वांचते. १९७७ सालीं इस्राएलमधील जेकब झिव्ह व अब्राहम लेंपेल यांनीं प्रसिद्ध केलेली पद्धति हेंच करते : आलेला अक्षरसमूह पूर्वीं येऊन गेला असेल तर तो पुन्हां न लिहितां ‘इतक्या मागें जा आणि इतकीं अक्षरें घे’ अशी खूण ठेवते.

दुसरी युक्ति तारयंत्राच्या लिपीची आहे. मोर्सच्या लिपींत इंग्रजींतील वारंवार येणाऱ्या ‘ई’ या अक्षरास एकच टिंब, आणि क्वचित् येणाऱ्या ‘क्यू’ या अक्षरास चार खुणा दिलेल्या होत्या. नित्याच्या अक्षरास आंखूड चिन्ह व विरळ अक्षरास लांब चिन्ह दिलें तर एकंदर संदेश आंखूड होतो. हीं चिन्हें सर्वांत काटकसरीनें कशीं वाटावीं याचें उत्तर डेव्हिड हफमन या विद्यार्थ्यानें काढलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत १९५१ सालीं रॉबर्ट फानो यांच्या वर्गांत विद्यार्थ्यांस परीक्षा द्यावी किंवा निबंध लिहावा अशी मुभा होती. हफमननें निबंध पत्करला, आणि ज्या प्रश्नावर खुद्द गुरूंनीं परिश्रम केले होते तो त्यानें अधिक चांगल्या रीतीनें सोडविला. त्याचा लेख १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. विम फायलीच्या संक्षेपांत झिव्ह-लेंपेल यांची ‘सदर’ ची खूण आणि हफमनचें चिन्हवाटप या दोन्ही कल्पना एकत्र नांदतात.

डिस्ममध्यें संक्षेपाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ‘नन’ म्हटलें तर संक्षेप मुळींच होत नाहीं. ‘फास्ट’ म्हटलें तर एक्सप्रेस नांवाच्या पद्धतीनें काम लवकर उरकतें, पण फाईल मध्यम आकाराची राहते. ‘मॅक्स’ म्हटलें तर एलझेडएक्स या पद्धतीनें फाईल अधिक लहान होते आणि वेळ अधिक लागतो. या सर्वांपलीकडे ‘रिकव्हरी’ नांवाची पायरी आहे. तींत अनेक फायलींचा मजकूर एकत्र गुंफून दाबला जातो, म्हणून आकार सर्वांत लहान येतो. पण ती पायरी केवळ प्रतिमा एका फायलींतून दुसऱ्या फायलींत नेतांनाच वापरतां येते, आणि अशी गुंफलेली प्रतिमा डिस्मला दुरुस्तीसाठीं माउंट करतां येत नाहीं. जी प्रतिमा वारंवार सुधारावयाची, तिला हा गाठोडेबंद प्रकार उपयोगी नाहीं. यांतील कोणत्याही पायरीनें मूळ मजकुरांतील एक बिटही गळत नाहीं. प्रतिमा भरतांना सर्व कांहीं जसेंच्या तसें उलगडतें. छायाचित्रें व चित्रफिती बहुधा आधींच दाबलेल्या असतात, त्यामुळें त्या पुन्हां दाबून फारसा लाभ होत नाहीं. त्या आदर्श संगणकावर न ठेवणें हाच त्यांचा खरा संक्षेप.

आकाराची एक अडचण वारंवार आड येते. पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीनें आंखलेले असतात, आणि त्या पद्धतींत एकटी फाईल ४ गिगाबाइटांपर्यंत पोंचूं शकत नाहीं. त्याहून मोठी विम फाईल नकलूं लागलें कीं पेन ड्राइव्हवर जागा रिकामी दिसत असूनही संगणक नकार देतो, व नवखा मनुष्य पेन ड्राइव्हच बिघडला असें समजून दुसरा आणावयास धांवतो. अशा वेळीं डिस्मच्या ‘स्प्लिट-इमेज’ या आज्ञेनें प्रतिमेचे लहान लहान खंड पाडतां येतात. ते सर्व खंड जवळ असले म्हणजे भरण्याचें काम बिनबोभाट होतें.

आतां ज्या गोष्टीकरितां या सर्व माहितीस महत्त्व आहे, तिचा विचार करणें प्राप्त आहे. अशी कल्पना करावी, कीं आदर्श संगणक सज्ज करणाऱ्या शिक्षकानें त्याच संगणकावर वार्षिक परीक्षेचा गुणतक्ता केला होता. त्यांत विद्यार्थ्यांचीं नांवें, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनि-क्रमांक व गुण होते. तक्ता डेस्कटॉपवर राहिला, प्रतिमा उतरली आणि निम्म्या संगणकांवर भरलीही. मग चूक ध्यानांत आली. शिक्षकानें प्रतिमा माउंट केली, तक्ता पुसला, ‘कमिट’ म्हटलें आणि निश्चिंत झाला. त्याची निश्चिंतता दोन प्रकारें चुकीची आहे.

पहिला प्रकार उघड आहे. जे वीस संगणक आधींच भरले, त्यांच्यावरील तक्ता प्रतिमेंतून पुसल्यानें जात नाहीं. दगडावरील अक्षर खरवडलें तरी वांटून झालेल्या प्रतींतील अक्षर तसेंच राहतें. ते वीस संगणक एकेक करून साफ करावे किंवा सुधारलेल्या प्रतिमेवरून पुन्हां भरावे लागतात.

दुसरा प्रकार आंतला आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचा. विम फायलींत ‘कमिट’ केल्यानें आराखड्यांतून तक्त्याचें नांव जातें. परंतु त्याचा मजकूर फायलींतून उचलला जात नाहीं. ग्रंथालयाच्या यादींतून नांव खोडलें, पण ग्रंथ कपाटांतच राहिला, असा हा प्रकार. माउंट करून पाहिलें तर तक्ता दिसणार नाहीं, आणि फायलीचा आकार मात्र कमी झालेला आढळणार नाहीं. ज्याला विमची घडण ठाऊक आहे अशा मनुष्याच्या हातीं ती फाईल पडली तर निराधार राहिलेला मजकूर त्यास बाहेर काढतां येणें अशक्य नाहीं.

यावरचा उपाय म्हणजे ‘एक्स्पोर्ट-इमेज’ ही आज्ञा. ती जुन्या फायलींतील सांगितलेली प्रतिमा वाचते आणि आराखड्यांत ज्यांचा उल्लेख आहे तेवढाच मजकूर एका नव्या फायलींत उतरविते. ज्याचा उल्लेख नाहीं तें मागें राहतें. याच वेळीं संक्षेपाची पायरीही बदलतां येते. म्हणून आकार आटोपशीर करणें आणि पुसलेलें खरोखर घालविणें हीं दोन्ही कामें एकाच आज्ञेंत साधतात. लिनक्सवरील विमलिबमध्यें ‘ऑप्टिमाइझ’ ही आज्ञा हेंच काम करते. येथेंही दोन पथ्यें आहेत. जुन्या फायलींत दुसरी एखादी प्रतिमा असेल व तिच्यांतही तोच तक्ता असेल, तर ती प्रतिमा आधीं साफ करावी किंवा नव्या फायलींत घेऊंच नये. कारण समान मजकूर एकदांच सांठविला जातो आणि एकाही आराखड्यांत उल्लेख असला तर तो टिकून राहतो. आणि नवी फाईल तयार झाल्यावर जुनी फाईल, तिच्या पेन ड्राइव्हवरील नकला व जाळ्यावर ठेवलेल्या नकला आठवणीनें नष्ट कराव्या. त्या राहिल्या तर सर्व श्रम वायां गेले.

प्रतिमा भरण्याच्या वेळींही सावधगिरी लागते. भरण्यापूर्वी डिस्क सामान्यतः नव्यानें आंखली जाते, आणि आंखणींत तिच्यावरील पूर्वीचें सर्व जातें. संगणकांत दोन डिस्क असतील तर कोणती आंखावयाची हें तिचा आकार पाहून ठरवावें. केवळ क्रमांकावर विसंबूं नये. विद्यार्थ्यांचें काम आधीं निराळ्या जागीं नकलून घ्यावें. तयार संगणकाचा सांचा जपणें हा प्रतिमेचा हेतु आहे. रोजच्या कामाची राखण तिच्याकडून होत नाहीं, त्यासाठीं वेगळी नक्कल नियमानें ठेवावी लागते. सर्व संगणक भरण्यापूर्वी एकच संगणक भरून तो चालवून पाहावा. मराठी टंकलेखन होतें कीं नाहीं, प्रिंटर छापतो कीं नाहीं, नांव वेगळें पडलें कीं नाहीं, एवढें पाहण्यास अर्धा तासही लागत नाहीं.

प्रतिमा ही ज्या दिवशीं उतरविली त्या दिवसाची असते. त्यानंतर निघालेले अपडेट तिच्यांत नसतात. विंडोज १० या कार्यप्रणालीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्या कार्यप्रणालीची जुनी प्रतिमा कपाटांतून काढून आज संगणक भरला तर तो जुन्या छिद्रांसकट भरला जातो. म्हणून प्रत्येक प्रतिमेबरोबर एक लहान वही ठेवावी. तिच्यांत प्रतिमा उतरविल्याची तारीख, विंडोजची आवृत्ति, कोणते प्रोग्रॅम व ड्रायव्हर घातले, कोणत्या तारखेस काय दुरुस्त केलें, ‘एक्स्पोर्ट’ केव्हां झालें आणि नकला कोठें कोठें आहेत हें लिहावें. काम करणारा शिक्षक बदलला तरी नवा माणूस वहीवरून पुढें जाऊं शकतो, आणि एखादी फाईल पुसावयाची झाली तर ती कोठें कोठें पुसावी लागेल हें वहीच सांगते.